ऑइल दुधाळ झालं म्हणून लगेच हेड उघडू नका

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती इथेच दिसेल. १.३ लिटर डिझेलची सेडान. मुंबईहून येताना कसारा घाटात गरम झाली आणि बंद पडली. नाशकात इंजिन पूर्ण केलं: हेडला फेसिंग (तासून सपाट करणं), ब्लॉकला बोरिंग (सिलिंडरची भोकं कापून मोठी करणं) करून चारही स्लीव्ह (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) नव्या, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गॅसकेट किट. त्यानंतर जेमतेम ९०० किलोमीटर चालली आणि आता डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय. कुलंटच्या डब्यात लिटरभर घालावं लागलं, पण डबा आतून स्वच्छ आहे, तेलाचा तवंग नाही. गाडी ओढायला बरी, पांढरा धूर नाही. मिस्त्री म्हणतात हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सील) परत गेलं. लेथवाले म्हणतात आमचं काम चोख आहे. तुमचा प्रश्न, परत हेड उघडायचं का?

अजून नाही. आधी दोन दिवस गाडी उभी ठेवा आणि चालवणं पूर्ण थांबवा. नाशिकच्या अंबडहून घरापर्यंतसुद्धा नको.

हेड उघडू नका म्हणतोय त्यामागे गॅसकेटवर माझा फार विश्वास आहे असं काही नाही. हेडचे बोल्ट एकदा सैल झाले की पाणी कुठून येत होतं याचा पुरावाच पुसला जातो. हातात राहतं ते एक काळपट गॅसकेट, आणि त्यावर ज्याला जे बघायचं ते तो बघतो. मिस्त्रीला डाग दिसतो, लेथवाल्याला दिसत नाही, तुम्ही दुसरं गॅसकेट आणता आणि ८०० किलोमीटरवर परत तोच चहा. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांपैकी बऱ्याच जणींचं हेड दोनदा उघडून झालेलं असतं.

आता हे खरंच कुलंट आहे का? तुमच्याकडे लिटरभर कमी झालंय म्हणजे बहुतेक आहे. तरी एक गोष्ट तपासा, कारण आपल्याकडे ती सर्रास होते. गाडी एकदा गरम झाली की पुष्कळ मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कुलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात, ‘आता कधीच गरम होणार नाही’ म्हणून. तसं इंजिन मग नीट तापतच नाही. डिसेंबर-जानेवारीतली नाशिकची सकाळ, चार किलोमीटरचा प्रवास, की ऑइलमधली वाफ टॅपिट कव्हरच्या (हेडवरच्या आवरणाच्या) झाकणाखाली थंड होऊन पिवळी साय धरते. झाकणाखाली साय आणि डिपस्टिक मात्र स्वच्छ असेल तर तो थंडीचा ओलावा. थर्मोस्टॅट परत बसवा, गाडी शिर्डीपर्यंत नेऊन आणा, साय जाईल. तुमची डिपस्टिकच रंगली आहे, त्यामुळे तुमचं दुखणं ते नाही. आणि पातळी वाढली पण ऑइल काळंच आणि पातळ, डिझेलचा वास येणारं असेल तर ते इंजेक्टरचं डिझेल उतरतंय, ती वाट वेगळी.

खात्री करायची असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सुरू न करता चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट अगदी हळू सैल करा, पूर्ण काढू नका. कुलंट ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं. पहिल्या चमचाभरात हिरवं किंवा लाल पाणी आलं की वाद संपला. पूर्ण घुसळलं गेलं असेल तर वेगळं होत नाही. मग जुना लोखंडी तवा तापवून त्यावर ऑइलचा एक थेंब टाका, डोळ्यांवर चष्मा लावून आणि हात लांब ठेवून. कोरडं ऑइल शांतपणे धुरावतं, पाणी असेल तर मोहरीसारखं तडतडतं. स्वयंपाकाचा तवा वापरू नका, आणि काढलेलं कुलंट उघड्या ट्रेमध्ये सोडू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात.

आता मुख्य मुद्दा. ऑइल आणि पाणी कुठे भेटतात हे शोधायचं तर दोघांचे दाब लक्षात घ्यावे लागतात. इंजिन चालू असताना मुख्य ऑइल लाइनीत गरम इंजिनालाही दोन-तीन बार किंवा जास्त दाब असतो. कुलंटमध्ये झाकणावर लिहिलेला, म्हणजे साधारण एक ते दीड बार. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब काही सेकंदांत शून्य होतो, कुलंट मात्र गरम असेपर्यंत, चांगला अर्धा तास, दाबाखाली राहतं.

यावरून काय कळतं बघा. भेटीची जागा ऑइलच्या दाबाच्या लाइनीत असेल, म्हणजे ऑइल कूलर (कुलंटनं ऑइल थंड करणारा भाग) फुटला असेल किंवा हेडला ऑइल नेणाऱ्या भोकाशी गॅसकेट गेलं असेल, तर गाडी चालताना ऑइल पाण्यात जातं आणि गाडी उभी राहिल्यावर पाणी ऑइलमध्ये. दोन्हीकडे घाण होते, बहुधा डब्यात जास्त: तपकिरी तवंग, डब्याच्या कडेला ग्रीससारखा थर, होजपाइप फुगलेले. पण डबा काचेसारखा स्वच्छ आणि फक्त ऑइल दुधाळ असेल, तर भेटीच्या जागी ऑइलला दाब नाही. पाणी अशा ठिकाणी गळतंय जिथून ते नुसतं खाली चेंबरमध्ये पडतं. हेडवरून ऑइल परत उतरण्याची भोकं, टॅपिट कव्हरखालचे कोअर प्लग (पाण्याच्या वाटेची भोकं बंद करणाऱ्या चकत्या), हेडची चीर, स्लीव्हचा खालचा काठ, ब्लॉकची चीर, किंवा टायमिंग कव्हरचं गॅसकेट जिथे पाण्याची वाट त्या कव्हरातून जाते तिथे.

तुमचा डबा स्वच्छ आहे. म्हणून गॅसकेट माझ्या यादीत आहे, पण पहिल्या नंबरावर नाही.

ज्वलनाचा गॅस पाण्यात जातोय का हेही बघून ठेवा. त्याला दहा मिनिटं लागतात. थंड इंजिन सुरू करून लगेच वरचा होज दाबा. मिनिटभरात तो दगडासारखा घट्ट झाला, डब्यात सारखे बुडबुडे आले, तर सिलिंडर आणि पाणी यांच्यात वाट आहे. निळ्या द्रवाची तपासणी असते तीही करा. गॅसमधल्या कार्बन डायऑक्साइडनं तो द्रव पिवळा पडतो. डिझेलला तो कधी हिरवटपणावरच थांबतो आणि इंजिनावर भार नसताना काहीच दाखवत नाही, म्हणून ‘निळाच राहिला, गॅसकेट चांगलं आहे’ असा निकाल लगेच देऊ नका.

ऑइल कूलर. डबा स्वच्छ असला तरी हा तपासून बाजूला काढा, कारण हेडच्या मानानं हे काम फारच हलकं आहे. या इंजिनाला तो ऑइल फिल्टरच्या हाउसिंगलाच असतो. काढा, पाण्याची दोन्ही तोंडं उघडी ठेवा, ऑइलच्या बाजूनं तीन-चार बार हवा भरा आणि कडकडीत गरम पाण्याच्या बादलीत बुडवा. थंड पाण्यात नको, कारण बारीक चीर तापल्यावरच उघडते. बुडबुड्यांची एक रेघ दिसली तरी नवा घ्या.

कूलरवरून माझी एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी द्राक्षवाल्या एका शेतकऱ्याची गाडी होती, दिंडोरीकडची. हेडची चीर सापडली, दुसरं हेड बसवलं, सगळं धुतलं, पाचशे किलोमीटरवर ऑइल परत मळकट. मी हेड परत उघडलं. काहीच नव्हतं. जुना दुधाळ गाळ कूलरच्या पापुद्र्यांत तसाच बसलेला होता आणि नवं ऑइल गरम झाल्यावर थोडा थोडा सुटत होता. कूलर आतून धुवून निघत नाही. त्याचा भुर्दंड, म्हणजे माझी मजुरी आणि दुसरं गॅसकेट, मीच भरला. तेव्हापासून पाणी-ऑइल एकत्र झालेल्या इंजिनाला जुना कूलर परत लावत नाही. तुमच्याकडे इंजिन पूर्ण करताना नवा लावला होता का, ते विचारा. आणि दुरुस्तीनंतर ऑइल परत मळकट दिसलं, तर कुलंट खरंच कमी होतंय का हे मोजूनच ठरवा. डब्यावर मार्करनं रेघ मारा, सकाळी थंड असताना बघा.

कूलर निर्दोष निघाला की मग रात्रीची तपासणी. गाडी रॅम्पवर किंवा भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) घ्या. ऑइल काढा, चेंबर खाली उतरवा. काही इंजिनांत वर आणखी जाळीचा पत्रा असतो, तोही काढा. चारही ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारे प्लग) काढा. क्रँक पान्यानं हातानं फिरवून चारही पिस्टन अर्ध्यावर आणा. चार सिलिंडरच्या इंजिनात ते एकाच वेळी साधारण सारख्या उंचीवर येतात, मग खालून चारही स्लीव्हचे काठ दिसतात. आतला भाग कापडानं पुसून कोरडा करा. इथे घाई केली तर जुना थेंबच नवा वाटतो. डबा कुलंटनं भरा, झाकणाच्या जागी प्रेशर पंप लावा आणि झाकणावर लिहिला आहे तेवढाच दाब भरा, जास्त नको. इंजिन थंड असतानाच.

मग खाली पांढरा ड्रॉइंगचा कागद अंथरा आणि त्यावर पेनानं चार सिलिंडरच्या जागा, पुढची बाजू, मागची बाजू काढा. पोरं हसतात माझ्यावर, पण कागद खोटं बोलत नाही. दाबाचा काटा किती वाजता कुठे होता ते कोपऱ्यात लिहा आणि दुकान बंद करून घरी जा.

अशीच एक टॅक्सी होती, तुमच्याच इंजिनाची, नाशिक-शिर्डी मारणारी. दुसरीकडे दोनदा हेड उघडून झालेलं, तिसऱ्यांदा माझ्याकडे. संध्याकाळी सातला एक बारवर सोडली. सकाळी काटा निम्म्याखाली आणि कागदावर तीन नंबरच्या खाली रुपयाएवढे हिरवे डाग, बाकी कागद कोरा. टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. तीन नंबरच्या स्लीव्हच्या आत भिंत कोरडी होती. पाणी स्लीव्ह आणि ब्लॉक यांच्या सांध्यातून, अगदी खालच्या काठावर, मण्यासारखं जमत होतं, मोठं होत होतं आणि पडत होतं. पंधरा-वीस सेकंदांना एक थेंब. मी मालकाला तिथे बोलावून दाखवला. ब्लॉक वर्षानुवर्षं नुसत्या बोअरवेलच्या पाण्यावर चालला होता, आतून गंजून पातळ झालेला. स्लीव्ह घालायला बोरिंग केलं तेव्हा त्या पातळ जागी टाचणीएवढं भोक पाण्याच्या जॅकेटपर्यंत (पोकळीपर्यंत) पोचलं. वरून स्लीव्ह ठोकली, भोक झाकलं गेलं, बुजलं नाही. हेडच्या गॅसकेटचा काही दोष नव्हता, दोन्ही गॅसकेटं फुकट गेली.

तुमच्याही चारही स्लीव्ह नव्या आहेत. म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

थेंब कुठे पडतो यावरून वाचायचं ते असं. स्लीव्हच्या बाहेरच्या काठावरून आला तर वर सांगितलं ते. स्लीव्हच्या आतून, पिस्टनच्या कडेनं आला तर पाणी सिलिंडरमध्ये वरून येतंय: गॅसकेट किंवा हेडची चीर. त्या वेळी ग्लो प्लगच्या भोकात कागदाची सुरळी घालून बघा, ओली निघेल. ऑइल उतरण्याच्या भोकांतून आला तर टॅपिट कव्हर काढून वर बघा. कोअर प्लगच्या कडेला किंवा स्प्रिंगच्या सीटजवळ चिरेत ओल दिसली तर दोष हेडचा. वर सगळं कोरडं असेल आणि तरी भोकातून पाणी येत असेल, तर मात्र गॅसकेट, आणि तुमचे मिस्त्री बरोबर. मेन बेअरिंगच्या भिंतीवरून ओघळ आला तर ब्लॉकला चीर. पुढच्या बाजूला आला तर टायमिंग कव्हर आणि वॉटर बॉडी (पाण्याचा पंप). रात्रभरात काटा हललाच नाही तर इंजिन गरम करून परत करायचं. त्यासाठी चेंबर लावावा लागतो, मग कुलंटमध्ये चमकणारा रंग टाकून निळ्या दिव्यानं बघणं सोयीचं.

हेड काढायची वेळ आलीच तर तेव्हा काय बघायचं, तेही सांगून ठेवतो. बोल्ट सैल करताना प्रत्येकाला किती जोर लागला ते लिहा. एखादा फारच हलका सुटला तर त्याच्या भोकात बॅटरी मारा. ब्लॉकमधली ही भोकं तळाला बंद असतात. हेड बसवताना त्यात पाणी किंवा ऑइल राहिलं असेल तर बोल्ट आत जाताना पिचकारीच्या दट्ट्यासारखा त्या पाण्याला दाबतो. टॉर्क पाना (ठरलेला जोर लागला की वाजणारा) कट्‌ करतो, मिस्त्रीला वाटतं घट्ट झाला, पण हेड खाली बसलेलंच नसतं. जास्त जोर लावला तर त्या भोकाच्या तळाला ब्लॉक तडकतो. हवेच्या पाइपानं भोक उडवायला दोन मिनिटं लागतात, आणि न उडवलेल्या भोकानं ब्लॉक भंगारात गेलेला मी पाहिला आहे. बोल्ट जुनेच लावले होते का तेही विचारा. अंशात फिरवून घट्ट करायचे बोल्ट ताणले जातात, ते परत वापरू नयेत.

फेसिंगबद्दल लेथवाल्यांशी वाद होणार, तेव्हा मोजमाप घेऊन जा. हेडवर आणि ब्लॉकवर, दोन्हीवर, सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि तिरकी ठेवून फीलर घाला. दोन थाउचा, म्हणजे ०.०५ मिलिमीटरचा फीलर सरकला तर मला ते चालत नाही. बहुतेक ठिकाणी हेडला फेसिंग होतं आणि ब्लॉकचा माथा कोणी बघतच नाही. दुसरं, या इंजिनाला पोलादी पत्र्यांच्या थरांचं गॅसकेट येतं, त्याला आरशाजवळ जाणारा गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. जुन्या पद्धतीच्या गॅसकेटला चालणारी रेघारेघांची फेसिंग इथे चालत नाही. नख फिरवून रेघ लागली तर परत करून घ्या. गॅसकेटला वरून सिलिकॉन चोपडलं असेल तर त्या माणसाकडून पुढचं काम करून घेऊ नका. आणि गरम झालेल्या ॲल्युमिनियम हेडची प्रेशर टेस्ट गरम पाण्यात, ७०-८० अंशांत झाली पाहिजे, फेसिंगच्या आधी. स्वतः उभं राहून बघा. सातपूर-अंबडला हे करून देणारी मशीन शॉप आहेत, आणि गिऱ्हाईक बघतंय म्हणून चिडणाऱ्याकडे हेड ठेवू नये.

गळती बुजवायची पूड किंवा बाटली डब्यात ओतू नका, कोणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी. ती हीटरच्या आणि कूलरच्या बारीक नळ्या आधी बुजवते.

चेंबर खाली आहेच, तर एक मोठं काम तिथेच उरका: एका कनेक्टिंग रॉडची कॅप उघडून बेअरिंग बघा. ग्लायकॉल मिसळलेलं ऑइल थर धरत नाही, बेअरिंगच्या वरचा करडा थर खातं. तांबूस दिसायला लागलं असेल तर सगळी बेअरिंगं बदलायची, क्रँकला मायक्रोमीटर लावायचा. ९०० किलोमीटरमध्ये दूध नेमकं कधी सुरू झालं यावर ते अवलंबून आहे. शंभर-दोनशेच चालली असेल तर बहुधा वाचली.

धुण्यासाठी इंजिनात डिझेल ओतून चालवण्याची आपल्याकडची पद्धत नव्या बेअरिंगांवर करू नका. दुरुस्ती झाल्यावर स्वस्तातलं योग्य ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर, इंजिन तापेपर्यंत नुसतं चालू, गरम असतानाच काढायचं. रंग शुद्ध येईपर्यंत दोनदा-तीनदा. टॅपिट कव्हरची आणि ब्रीदरच्या पाइपाची साय हातानं काढा, नाहीतर ती महिनाभर उतरत राहते आणि तुमचा जीव घाबरवते. कुलंट तयार मिसळलेलं घाला, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात. बोअरवेलचं नको.

रात्रीच्या तपासणीनंतर सकाळी कागदाचा फोटो काढून ठेवा, वेळ लिहिलेली दिसेल असा. लेथवाले आणि मिस्त्री दोघांनाही त्याच सकाळी गाडीखाली बोलवा, पंप लावलेला असतानाच. पहिला थेंब कुठून आला ते मला कळवा, मग कोणाचं काम कोणी परत करायचं यावर बोलू.